पन्नाशीचा वाढदिवस लास व्हेगासला: पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी

नवऱ्याची पन्नाशी जवळ आली तेव्हा घरात दोन पर्याय होते. एक, क्लबहाउसात साठ माणसं, ट्रेमधली पावभाजी आणि प्रोजेक्टरवर लहानपणचे फोटो. दुसरा, दोघांनीच कुठेतरी जाणं. "व्हेगासला जाऊ," तो म्हणाला. पत्त्यांचा आमचा अनुभव म्हणजे गणपतीच्या जागरणाला खेळलेला मेंढीकोट आणि एकदा पणजीला मांडवीतल्या बोटीवर पाहिलेला कसिनो. दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, म्हणजे गाडीने चार तास. तरी वीस वर्षांत आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. जाऊन आल्यावर ओळखीतली तीन-चार जोडपी विचारत आली. कोणाची चाळिशी, कोणाच्या भारतातून येणाऱ्या आईवडिलांची साठी. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं" हे सतत मनात ठेवा. खोलीचा दर, समोरच्या हॉटेलचं अंतर, टेबलावरचा नियम, सगळंच दिसतं त्यापेक्षा थोडं वेगळं निघतं. खोटं कोणी बोलत नाही, सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. फक्त बारीक अक्षरांत.

आधी वार ठरवा, मग तारीख

तीच खोली मंगळवारी एका दराने मिळते आणि शनिवारी त्याच्या दुप्पट-तिप्पट दराने. त्यामुळे वाढदिवस शनिवारी येत असला तरी रविवार ते बुधवार जा. पन्नास वर्षं वाट पाहिलीत, आणखी दोन दिवसांनी काही बिघडत नाही. तारखा पक्क्या करण्याआधी त्या आठवड्यात गावात काय आहे ते बघा. जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन असतं, नोव्हेंबरात २०२३पासून फॉर्म्युला वनची शर्यत थेट स्ट्रिपवरून, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरून, धावते. अशा दिवसांत दर आकाशाला भिडतात आणि रस्तेही बंद असतात.

ऋतूचं म्हणाल तर मार्च ते मे आणि ऑक्टोबर उत्तम. हे मोहावेचं वाळवंट आहे. जुलै २०२४मध्ये इथे ४८.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. "आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय" म्हणणारे नातेवाईकही दुपारी एकच्या सुमाराला गप्प बसतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री बोचरी थंडी असते आणि बरेच पोहण्याचे तलाव बंद असतात.

तीन रात्री पुरेत. चौथ्या दिवशी त्या दिव्यांचा आणि आवाजाचा शीण येतो, हे माझं ठाम मत.

खोली आणि तिचा खरा दर

पूर्वी संकेतस्थळावर खोली साठ डॉलरला दिसायची आणि बिल जवळजवळ दुप्पट यायचं. कारण "रिसॉर्ट फी" नावाचं प्रकरण: वायफाय, जिम वगैरेंच्या नावाखाली रोज साधारण चाळीस ते पंचावन्न डॉलर, तुम्ही ते वापरा अथवा नका वापरू. मे २०२५पासून अमेरिकेत नियम आला, की सक्तीचे असे आकार धरूनच दर दाखवायचा. तरी कर, पार्किंग आणि डिपॉझिट वेगळे राहतात. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा, तिथली बेरीज वहीत लिहा आणि मगच दोन हॉटेलांची तुलना करा.

डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डच द्या. हॉटेल दर रात्रीमागे काही रक्कम अडवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे परत खात्यात दिसायला बरेच दिवस लागू शकतात.

पहिल्या फेरीला स्ट्रिपच्या मध्यावर राहा, म्हणजे बेलाजिओ, सीझर्स पॅलेस, कॉस्मोपॉलिटन, पॅरिस, फ्लेमिंगो या हॉटेलांच्या पट्ट्यात. टोकाची हॉटेलं स्वस्त असतात, पण वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. धुराचा त्रास असेल तर आधीच लक्षात घ्या, की कसिनोत अजूनही सिगारेट चालते. पार्क एमजीएम हे धूम्रपानमुक्त आहे. मी मात्र पुढच्या वेळी व्हदारात राहणार. तिथे कसिनोच नाही, सिगारेट नाही, आणि खोल्यांमध्ये छोटं स्वयंपाकघर असतं. याचं महत्त्व चहाच्या वेळी कळतं.

ते कसं, तर व्हेगासच्या बहुतेक हॉटेलखोल्यांत पाणी गरम करायची किटली नसते. कॉफीचं यंत्रही अनेकदा नसतं. तुम्ही सकाळी लिफ्टने खाली उतरून, जुगाराच्या यंत्रांच्या ओळींमधून वाट काढत कॉफीला यावं, हाच हेतू. प्रवासी किटली, चहाची पूड आणि दूध पावडर बॅगेत टाका. आणि खोलीतल्या मिनीबारच्या फ्रिजला हात लावू नका. खालच्या तारकेत बारीक अक्षरं असतात तशी तिथे वस्तूंखाली सेन्सर असतात. आम्ही घरचं दही ठेवायला दोन बाटल्या जरा बाजूला सरकवल्या आणि बिलात त्या दोन्ही आल्या. काउंटरवर सांगितल्यावर काढल्या, पण त्यात वीस मिनिटं गेली.

पोचल्यावर

विमानतळाचं नाव आता हॅरी रीड आहे. जुन्या तिकिटांवर किंवा लोकांच्या बोलण्यात मॅकारन आलं तर गोंधळू नका, २०२१च्या डिसेंबरात ते बदललं. भारतातून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतंच. विमानतळ स्ट्रिपला अगदी खेटून आहे. टॅक्सीला स्ट्रिपपर्यंत भागाप्रमाणे ठरलेले दर आहेत. बसण्याआधी विचारून घ्या. बॅगांची वाट बघताना शेजारीच जुगाराची स्लॉट यंत्रं खणखणत असतात. तिकडे पाठ करून उभं राहायचं.

खेळायला आणि प्यायला वय एकवीस पूर्ण हवं आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. पन्नाशीत कोण विचारणार असं वाटतं, पण मोठा जॅकपॉट लागला की पहिली मागणी त्याचीच होते.

आणखी एक इशारा इथेच देते. नेवाडा राज्यात २०१७पासून एकवीसच्या वरच्यांना गांजा कायदेशीर आहे आणि त्याच्या जाहिराती जागोजागी दिसतील. केंद्राच्या कायद्याने तो अजूनही गुन्हा आहे, आणि इमिग्रेशन केंद्राच्या कायद्याने चालतं. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर त्या दुकानाची पायरीही चढू नका.

"समोरच तर आहे"

खिडकीतून पॅरिस हॉटेलचा आयफेल टॉवर दिसतो, पलीकडे रोमन खांब दिसतात. वाटतं पाच मिनिटं. प्रत्यक्षात तुमच्या लिफ्टपासून हॉटेलच्या दारापर्यंतच सात-आठ मिनिटं लागतात, मग पादचारी पूल, सरकते जिने, आणि पुढच्या हॉटेलात शिरल्यावर तिथला कसिनो ओलांडायचा. इमारती अवाढव्य असल्यामुळे डोळा फसतो. स्ट्रिप सगळी मिळून जवळजवळ सात किलोमीटर. मी पहिल्या संध्याकाळी नवी चप्पल घालून निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे आणि जुने बूट.

तेव्हा दिवसाला एकच टोक घ्या. ड्यूस नावाची दुमजली बस स्ट्रिपवरून जाते, तिचा चोवीस तासांचा पास काढा. पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागून मोनोरेल धावते. मँडले बे ते एक्सकॅलिबर आणि पार्क एमजीएम ते बेलाजिओ अशा दोन छोट्या ट्राम फुकट आहेत, त्या बऱ्याच जणांना माहीतच नसतात. पुलांवर फोटोसाठी थांबू नका. २०२४पासून तिथे थांबायला बंदी आहे.

रस्त्यात पिसांचे मुकुट घातलेल्या बायका फोटोला बोलावतील. फोटो काढलात की पैसे द्यावे लागतात. "शोची फुकट तिकिटं" देणारे हसतमुख लोक तुमची सकाळ टाइमशेअरच्या, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा विकण्याच्या, व्याख्यानात घालवतात. आम्ही त्यातून गेलो नाही, पण नवरा थांबला होता, मी हात धरून ओढला.

वाढदिवसाची संध्याकाळ

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला होता, आणि तरी एक चूक केलीच. पहिल्याच संध्याकाळी जेवण, शो आणि आकाशपाळणा असं सगळं ठेवलं. शो सुरू होऊन अर्ध्या तासात वाढदिवसाचा मानकरी झोपला. मुख्य संध्याकाळ दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिला दिवस फक्त पोचणं, थोडं चालणं आणि लवकर झोपणं.

फोनचंही गणित करा. उन्हाळी वेळेत भारत व्हेगासच्या साडेबारा तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे उन्हाळ्यात तिकडे रात्री बारा वाजता जागून फोन करणारी मावशी तुम्हाला आदल्या दिवशी सकाळी साडेअकराला गाठणार. वाढदिवस असा दीड दिवस चालतो. आम्ही आदल्या दिवशीची दुपार फोनसाठी मोकळी ठेवली, म्हणून मुख्य संध्याकाळी दोन्ही फोन खोलीत ठेवता आले.

औक्षण करायचं असेल तर कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी न्या, पण निरांजन पेटवू नका. खोलीत ज्योत चालत नाही आणि धुराचा गजर फार संवेदनशील असतो. बॅटरीचा छोटा दिवा ताम्हनात ठेवला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "ज्योत हलत का नाही गं?" खाली पडलेल्या अक्षता वेचून काढा, सफाईवाल्या बाईंना काम नको.

आता संध्याकाळ कशी रचायची. बेलाजिओसमोरच्या तळ्यातली कारंजी फुकट आहेत. दुपारी दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर पंधरा मिनिटांनी मध्यरात्रीपर्यंत चालतात. वारा सुटला तर रद्द होतात. रस्त्यावर उभं राहूनही छान दिसतात, पण मैलाचा दगड असलेल्या वाढदिवसाला बसून पाहावीत. समोरच्या पॅरिस हॉटेलमधल्या आयफेल टॉवरच्या उपाहारगृहाच्या खिडक्या थेट तळ्यावर उघडतात. खिडकीजवळचं टेबल आणि निमित्त, दोन्ही आरक्षण करतानाच लिहा. जेवणाआधी बेलाजिओच्या आत काचेच्या छताखालची बाग बघून घ्या. ऋतूप्रमाणे ती पूर्ण बदलतात आणि तिला तिकीट नाही.

शो एकच निवडा. "ओ" हा सर्क द्यु सोले या सर्कस मंडळींचा खेळ १९९८पासून बेलाजिओत चालू आहे. रंगमंचाच्या जागी पंधरा लाख गॅलन पाण्याचा तलाव आहे, आणि तोच तलाव क्षणात कोरडी जमीन होतो. भाषा येत नसलेल्या आईवडिलांनाही तो कळतो, म्हणून साठीवाल्यांना मी हाच सुचवते. स्फिअर हे २०२३मध्ये उघडलेलं प्रचंड गोलाकार थिएटर. आतला पडदा डोक्यावरून मागे जातो. चक्कर येणाऱ्यांनी विचार करून जावं. बरेच शो आठवड्यात दोन दिवस बंद असतात, आणि ते दिवस नेमके सोमवार-मंगळवारसारखे स्वस्त दिवस असतात. म्हणून खोली घ्यायच्या आधी शोचं वेळापत्रक बघा. जुन्या याद्यांमध्ये मिराजचा ज्वालामुखी असेल तर खोडा. ते हॉटेल जुलै २०२४मध्ये बंद झालं.

शेवटी हाय रोलर हा आकाशपाळणा. उंची जवळजवळ १६८ मीटर, एका फेरीला अर्धा तास, इतका सावकाश की फिरतोय हे कळत नाही. आम्हाला त्या काचेच्या डब्यात जी शांतता मिळाली ती त्या गावात दुसरीकडे कुठेच मिळाली नाही.

लग्नाच्या शपथा पुन्हा घ्यायच्या असतील तर तेही होतं. नव्या लग्नाला क्लार्क काउंटीचा परवाना लागतो, शपथा पुन्हा घ्यायला नाही. इथे लग्नं लावणारा, गायक एल्विस प्रेस्लीच्या वेशातला माणूस सप्तपदी करून देत नाही, एवढंच.

पाकिटं

जुगार हा विषय टाळून व्हेगासबद्दल लिहिणं खोटेपणाचं होईल. नेवाडाने तो १९३१मध्ये कायदेशीर केला आणि हे शहर त्यावर उभं आहे. मांडवीतल्या बोटीवर प्रवेशशुल्क घेतात आणि त्यात जेवण देतात. इथे दार सताड उघडं, प्रवेश फुकट, घड्याळ नाही, खिडकी नाही. म्हणजे तुमचं शुल्क तुम्हीच ठरवायचं.

आमची पद्धत अशी. घरात आहेराची पाकिटं असतातच, ती एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. दर संध्याकाळी दर माणशी एक पाकीट, त्यात शंभर डॉलर रोख. शंभरच हवेत असं नाही. जी रक्कम गेली तर घरी परतताना गाडीत भांडण होणार नाही, ती. पाकीट संपलं की खेळ संपला. दुसऱ्याच्या पाकिटातून उसने नाहीत, उद्याचं पाकीट आज नाही. जिंकलेले पैसे रिकाम्या पाकिटात जातात, परत टेबलावर येत नाहीत. कार्डं खोलीतल्या तिजोरीत. कसिनोतल्या एटीएमचं शुल्क जबर असतं, आणि क्रेडिट कार्डावर रोख काढलीत तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आता बारीक अक्षरं. रुलेटच्या चाकावर छत्तीस आकडे असतात, आणि वर शून्य. एकच शून्य असेल तर लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी २.७० कसिनोचे. शून्य आणि दुहेरी शून्य असेल तर ५.२६. हल्ली स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकंही आहेत, तिथे ७.६९. चाक तेच, दिवे तेच, बसणाऱ्याला फरक दिसत नाही. आधी शून्यांची हिरवी घरं मोजा, मग बसा.

ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांत एकवीस करायच्या खेळाच्या, टेबलावरच छापलेलं असतं: ३:२ किंवा ६:५. वीस डॉलर लावून पहिल्याच दोन पानांत एकवीस झाले, तर पहिल्या टेबलावर तीस मिळतात, दुसऱ्यावर चोवीस. कमी रकमेच्या टेबलांवर बहुधा दुसराच नियम असतो. तिथे बसूच नका असं मी म्हणत नाही, माहीत असून बसा.

टेबलावरच्या रीतीही आहेत. दोन डावांच्या मधे बसायचं. पैसे डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या, हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. चिपा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, लावून झाल्या की त्यांना हात लावायचा नाही. फोन खिशात. गर्दी नसेल तर "पहिलीच वेळ आहे" असं सांगा. आमच्या टेबलावरच्या डीलर बाईंनी नवऱ्याला चार डाव हाताशी धरून शिकवलं. त्यांना एक-दोन चिपा बक्षीस द्यायची पद्धत आहे. खेळताना पेय फुकट येतं, आणणाऱ्या मुलीला पेयामागे एक-दोन डॉलर द्या. कमी रकमेची टेबलं हवी असतील तर जुन्या गावात, फ्रीमाँट स्ट्रीटवर जा. १९०६चं गोल्डन गेट हॉटेल तिथेच आहे, आणि डोक्यावर दिव्यांचं लांबच लांब छत.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी: स्लॉटवर नोंद करण्याइतका मोठा जॅकपॉट लागला, तर अमेरिकेचे करनिवासी नसलेल्यांचे तीस टक्के तिथल्या तिथे कापले जातात. कागद मिळतो, तो जपून ठेवा.

खाणं

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. सूपमध्ये चिकनचं पाणी, भाजीत फिश सॉस, मेक्सिकन राजम्यात चरबी असू शकते. मोठी बुफे पाहायला मजा येते, पण दोघंही शाकाहारी असाल तर पैसे वसूल होत नाहीत. स्प्रिंग माउंटन रोडवरचं चायनाटाउन आणि स्ट्रिपबाहेरची भारतीय हॉटेलं गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. पाण्याची बाटली हॉटेलात घेऊ नका. स्ट्रिपवरच टार्गेट हे दुकान आहे, तिथून पेटी आणा. उपाहारगृहात अठरा ते वीस टक्के टिप, पण बिलात आधीच जोडली नाही ना ते बघून.

एक दिवस बाहेर

तिसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडा. हूवर धरण पाऊण तासावर आहे. त्याची उंची २२१ मीटर, नदीच्या एका बाजूला नेवाडा आणि दुसऱ्या बाजूला ॲरिझोना. रेड रॉक कॅनियन त्याहून जवळ, तेरा मैलांचा एकेरी रस्ता लाल कड्यांमधून फिरतो; ऑक्टोबर ते मे वेळेचं आरक्षण लागतं. "ग्रँड कॅनियन व्हेगासजवळच आहे ना?" असं सगळे विचारतात. काचेचा पूल असलेला पश्चिमेचा भाग सव्वादोन तासांवर आहे, तो हुआलापाई आदिवासींचा. राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. फोटोत पाहिलेला दक्षिणेचा भाग साडेचार तासांवर. तो एका दिवसात करून येणारे आहेत, मी त्यांतली नाही.

निघताना

चिपा ज्या कसिनोच्या, तिथेच मोडा. शेजारी चालतीलच असं नाही. यंत्रातून निघालेल्या पावत्यांनाही मुदत असते. बिल काउंटरवर उभं राहून ओळीओळीने वाचा.

गाडीने लॉस एंजेलिसकडे परतणार असाल तर रविवारी दुपारी निघू नका. सगळं कॅलिफोर्निया तेव्हाच परत निघतं आणि चार तासांचे सात होतात. आम्ही बुधवारी सकाळी निघालो, रस्ता रिकामा होता. वाटेत बेकर गावी १३४ फुटी तापमापक आहे, तिथे चहाला थांबलो. सुटे पैसे शोधताना नवऱ्याच्या खिशातून पाच डॉलरची लाल चिप निघाली. मागे दीड तासाचा रस्ता होता. त्याने ती माझ्या पर्समधल्या आहेराच्या पाकिटात टाकली, एक रुपयाच्या नाण्याशेजारी.